एका बाळासाठी एमआरची व्हायल फोडायची की नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. तुम्ही डोंगरी भागातल्या उपकेंद्रावर नवीन आरोग्य सेविका आहात, अजून वर्ष झालेलं नाही. हद्दीत साधारण तीन हजार वस्ती, चार वाड्या, महिन्याला चार सत्रं. मासिक मीटिंगमध्ये तुमचं एमआरचं, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीचं, वेस्टेज (वाया गेलेले डोस) ६० टक्के निघालं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं गेलं. पुढच्या सत्राला एमआरचं एकच बाळ आलं. तुम्ही त्याच्या आईला म्हणालात, 'पुढच्या महिन्यात या, तेव्हा अजून दोन-तीन बाळं असतील.' ती पुढच्या महिन्यात आलीच नाही. आशा म्हणते माहेरी गेली. आता तुम्ही विचारताय, एका बाळासाठी पाच डोसची व्हायल, म्हणजे लसीची बाटली, फोडून चार डोस फेकायचे, की लस वाचवायची?

फोडायची. कार्यक्रमाच्या सूचनाही हेच सांगतात, एक बाळ असलं तरी व्हायल उघडा. पण एवढं सांगून तुमची पुढची मीटिंग काही सोपी होणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ३१ वर्षं नोकरी केली. आधी एएनएम, म्हणजे तुमच्यासारखी आरोग्य सेविका म्हणून, नंतर आरोग्य सहायिका म्हणून. सगळी नोकरी ऊसतोडीच्या पट्ट्यात. सुरुवातीला काचेच्या सिरिंज उकळून वापरायचो आणि एमआर नव्हती, नुसती गोवरची लस होती. तेव्हाही हीच पंचाईत होती.

तुम्हाला बोलणी बसली ती 'वेस्टेज' या एका शब्दावरून. पण त्या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत आणि मीटिंगमध्ये त्या कुणी वेगळ्या काढत नाही. पेंटा (पाच आजारांवरची), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हिपॅटायटिस बी (काविळीची), पोलिओचे थेंब, आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), पीसीव्ही (न्यूमोनियाची) या पातळ लसी. यांना ओपन व्हायल पॉलिसी लागू आहे. म्हणजे उघडलेली बाटली २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रांना वापरता येते. अट एवढीच की एक्स्पायरी उलटलेली नको, व्हीव्हीएम (लसीला जास्त उष्णता लागली का ते दाखवणारी बाटलीवरची रंगखूण) बरा हवा, थंड साखळी तुटलेली नको, बुचाला पाणी लागलेलं नको आणि सुई घालताना स्वच्छता पाळलेली हवी. या लसींसाठी 'बाळं कमी आहेत' म्हणून कुणाला परत पाठवायचं कारणच उरत नाही. आणि यांचं वेस्टेज १० टक्क्यांच्या वर जात असेल, तर मीटिंगमध्ये बोलणी खायला हरकत नाही. तिथे आपलंच काहीतरी चुकलेलं असतं.

बीसीजी (क्षयाची लस) आणि एमआर यांची गोष्ट निराळी. ही कोरडी पावडर. डायल्युएंट, म्हणजे विरघळवायचं पाणी, घातलं की लस तयार होते, पण त्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं. सुईबरोबर आत गेलेला एखादा जंतू त्या पाण्यात मजेत वाढतो. म्हणून चार तास, किंवा सत्र संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर बाटलीत कितीही डोस असोत, ती मेली. या बाटल्यांचा व्हीव्हीएम कुठे असतो ते पाहिलंत का? पातळ लसीचा लेबलवर असतो, बाटली उघडल्यावरही तिथेच राहतो, कारण पुढच्या सत्राला तो पुन्हा बघायचा असतो. एमआरचा झाकणावर असतो. झाकण उडवलं की व्हीव्हीएमही गेला. ती बाटली उद्यासाठी नाही हे बनवणाऱ्यानेच सांगून ठेवलंय.

आता तुमचे ६० टक्के आले कुठून ते बघू. मीटिंगमध्ये कुणी हे गणित मांडलं नसणार, म्हणून मी मांडते. तीन हजार वस्ती, दर हजारी पंधराच्या आसपास जन्म धरा. वर्षाला ४५ बाळं, म्हणजे महिन्याला चारच्या आतबाहेर. त्यातल्या प्रत्येकाला नऊ महिन्यांचा एमआरचा पहिला डोस आणि सोळा महिन्यांनंतर दुसरा. म्हणजे महिन्याला साधारण आठ टोचण्या. सत्रं चार. एका सत्राला सरासरी दोन बाळं. चार सत्रांना चार व्हायल, म्हणजे वीस डोस. वीसातले आठ लागले, बारा गेले. बारा भागिले वीस, ६० टक्के.

बघा, तुम्ही काहीही चुकीचं न करता, एकही थेंब न सांडता, ६० टक्के येतात. याच जागी दहा डोसची व्हायल मिळाली असती तर ८० टक्के आले असते आणि तुमची आणखी शोभा झाली असती. एमआरसाठी जे २५ टक्के 'मान्य' धरतात, ते आणायला तुम्हाला त्याच वीस डोसांमागे पंधरा बाळं लागतील. तुमच्या हद्दीत तेवढी बाळं जन्मालाच येत नाहीत. २५ टक्के हा लस मागवताना धरायचा अंदाज आहे. त्यात शहरातलं गच्च भरलेलं केंद्रही आलं आणि तुमची डोंगरावरची वाडीही. तो आकडा उचलून एकेका उपकेंद्रावर लावला, तर तो गाठायला दोनच वाटा उरतात. सत्रं कमी करा किंवा बाळं परत पाठवा. तुम्ही नकळत दुसरी वाट धरलीत. पहिलीही तेवढी निर्दोष नाही, तिच्याकडे नंतर येते.

परत पाठवलेलं बाळ कुठे जातं? ज्यांचं घर गावात पक्कं आहे, नवरा नोकरीला आहे, त्यांचं बाळ पुढच्या महिन्यात येतं. त्या बाळाला दोन-चार आठवडे उशीर झाला तरी फारसं बिघडत नाही. पण आपण 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो तेव्हा समोर नेमकी कोण असते? माझ्या पट्ट्यात दसऱ्याच्या मागे-पुढे मुकादमाच्या गाड्या हलायच्या. सप्टेंबरात परत पाठवलेलं नऊ महिन्यांचं बाळ ऑक्टोबरच्या सत्राला गावात नसायचंच. ते थेट गुढीपाडव्याच्या सुमारास, सव्वा वर्षाचं होऊन परतायचं. मधले सहा महिने कोपीत, उसाच्या फडात, दहा गावच्या पोरांबरोबर. गोवराला याहून सोयीची जागा सांगा. तुमच्याकडे ऊसतोड नसेल तर वीटभट्टी असेल, मासेमारी असेल, नाहीतर हीच तुमची बाई, माहेरी गेलेली. ज्या आईला पुन्हा येणं सगळ्यात अवघड, तिलाच परत पाठवल्याचा फटका बसतो. आणि ती त्या दिवशी काम बुडवून आलेली असते. एक दिवसाची मजुरी आणि बीसीजीची अख्खी दहा डोसची बाटली यांचा हिशेब लावला, तर बाटली काही महाग नाही.

२०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, मग भिवंडीला, मालेगावला गोवर उसळला ते आठवत असेल. मुलं दगावली. एकेका घरी जाऊन याद्या करायची वेळ आली, काही भागांत नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही ज्यादा डोस द्यावा लागला. गोवर आवरायचा तर शंभरातली पंचाण्णव मुलं तरी दोन्ही डोसांनी सुरक्षित हवीत. हुकलेली बाळं गोळा होत राहतात आणि मग एके दिवशी सगळी एकदम दिसतात. एक उद्रेक आवरायला जेवढी लस, माणसं आणि पेट्रोल लागतं, त्यात तुमच्यासारख्यांच्या चार-चार डोसांचा किती वर्षांचा हिशेब भागेल याचा कधी सावकाश विचार करा.

हे सगळं असलं तरी लस फुकट जाते तिचं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. २०१६ साली जगभरात आयपीव्हीचा तुटवडा पडला होता. तेव्हा आपल्याकडे पूर्ण डोस देण्याऐवजी त्याचा पाचवा हिस्सा, ०.१ मिली, कातडीत द्यायला सुरुवात झाली. आधी आठ राज्यांत, मग सगळीकडे. त्या तुटवड्यात एका बाळालाही 'लस नाही' म्हणावं लागू नये म्हणून पद्धतच बदलली. लस वाचवली, पण वाचवली ती सुई टोचण्याआधी विचार करून. मला तुम्हाला सांगायचंय ते हेच आहे. काटकसर करायची ती बाळ दारात येण्याच्या आधी. बाळ दारात आलं की काटकसरीची वेळ संपली.

तर आधी काय करता येतं? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडला तो ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायची असलेल्या बाळांची यादी, नीट वाचण्याने. एमआरचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाले की द्यायचा, तो थांबवायचा नाही. दुसऱ्या डोसाला मात्र सोळा ते चोवीस महिने अशी ऐसपैस मुदत असते, आणि त्याच वयात डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टरही असतो. मग मी काय करायची, महिन्याच्या सुरुवातीला आशाबरोबर बसून प्रत्येक वाडीची यादी काढायची. ज्या वाडीत या महिन्यात नऊ महिन्यांचं बाळ आहे, त्याच सत्राला तिथली सोळा-सतरा महिन्यांची सगळी बोलवायची. ज्या वाडीत पहिल्या डोसाचं कुणीच नाही, तिथली सोळा महिन्यांची पोरं एक महिना सरकली तरी मुदतीच्या आतच असतात. शिवाय पाच वर्षांपर्यंतची हुकलेली मुलं. अंगणवाडीच्या रजिस्टरातून त्यांची नावं काढली की प्रत्येक वाडीत एखाद-दुसरं निघतंच. एवढ्याने माझी एका सत्राची दोन बाळं तीन-साडेतीनवर यायची.

पण ही सोळा महिन्यांची सरकवासरकवी कागदावरची. यादीत नसलेलं सोळा महिन्यांचं पोर आई स्वतः कडेवर घेऊन आली, तर टोचायचं. स्थलांतर तोंडावर असेल, शेजारच्या गावात अंगावर पुरळ असलेली मुलं असतील, तर सरकवणं बंद. आणि एक महिना म्हणजे एकच महिना. मी पाहिलंय, 'अजून मुदत आहे' म्हणता म्हणता पोर अडीच वर्षांचं होतं.

दुसरं, व्हायल केव्हा फोडायची. नवीन मुलींना घाई असते. पहिली आई आली की लगेच झाकण उडवतात आणि चार तासांचं घड्याळ सकाळी साडेनऊलाच सुरू होतं. पहिल्या बाळाचं वजन घ्या, कार्ड भरा, बाकीच्या लसी द्यायच्या असतील त्या द्या, आईशी बोला. मदतनीस बाईला सांगून बाकीच्यांना आणायला पाठवा. दहा-सव्वादहापर्यंत दोन-तीन जमतात. मग फोडा आणि बाटलीवर वेळ लिहा. पण ही वाट पाहणं अर्ध्या-पाऊण तासाचं. आईला शेतावर जायचंय, एसटी चुकणार आहे, असं असेल तर तेही नाही. अर्ध्या तासासाठी चिडून गेलेली बाई आशाच्या घरी निरोप पाठवते, 'आम्ही नाही येत आता'.

तिसरं, सत्र संपायच्या तासभर आधी बाटलीत डोस शिल्लक असतील तर आशाला यादी घेऊन वाडीत पाठवायचं. झोपलेलं असेल, अंघोळीचं असेल, उचलून आणायचं. इथे एक मोह होतो. दोन वाड्या जवळ असतात. वाटतं, उघडलेली व्हायल कॅरियरमध्ये ठेवून पलीकडच्या वाडीवर नेऊ, तिथली दोन बाळं होतील. नाही न्यायची. सत्र संपलं की मिसळलेली एमआर संपली. आमच्या एक जुन्या सिस्टर म्हणायच्या, बाळं बाटलीकडे आणा, बाटली बाळांच्या मागे फिरवू नका.

सत्रं कमी करण्याचं म्हटलं होतं. चाराची दोन केलीत तर एका सत्राला चार बाळं येतील, वेस्टेज २० टक्क्यांवर येईल आणि तुमचं मीटिंगमध्ये कौतुक होईल. दोन वाड्यांमध्ये सपाट रस्ता आणि दहा-पंधरा मिनिटांची चाल असेल तर मीही दोन वाड्या एकत्र केल्या आहेत, काही बिघडलं नाही. पण मध्ये ओढा असेल, चढ असेल, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या पलीकडच्या वाडीचं कुणी येत नाही हे गृहीत धरा. आणखी एक गोष्ट नकाशात दिसत नाही. काही वाड्यांचं एकमेकांशी पटत नाही, एकीच्या अंगणवाडीत दुसरीच्या बायका पाय ठेवत नाहीत. हे आशाला विचारल्याशिवाय सत्रं जोडू नका. ती सांगेल ते टीएचओंनाही (तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना) ठाऊक नसतं.

सगळीकडे एकच नियम लागत नाही, तेही सांगते. मोठ्या दवाखान्यात जिथे रोज पाच-सात बाळंतपणं होतात, तिथे बीसीजीचे वार ठरवून दिलेले असतात. त्यात गैर नाही, बाळ-बाळंतीण घरी जायच्या आत तो वार येत असेल तर. 'गुरुवारी पुन्हा या' असं चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या बाळंतिणीला सांगणं मात्र मला पटत नाही. तिथेही हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस चोवीस तासांच्या आतच, त्याला वार नाही. शहरात ज्या केंद्रावर आठवड्याला सत्र असतं, तिथे एखादी आई स्वतःहून 'आज घाई आहे, परवा येते' म्हणाली तर येऊ द्या.

आणि कुत्रा चावलेल्याच्या बाबतीत तर हा विचारच मनात आणू नका. रेबीजची लस कातडीत दिली तर एका वेळी दोन जागी मिळून ०.२ मिलीच लागते, म्हणून एका व्हायलमध्ये अनेकांचं भागतं, आणि फोडलेली व्हायल काही तासांतच संपवावी लागते. त्यामुळे 'अजून दोघं येऊ देत' असं म्हणणारे मी पाहिलेत. पेशंट एकटा असेल तर एकट्यासाठी फोडायची, नाहीतर डॉक्टरांना विचारून दंडात पूर्ण डोस द्यायचा. तिथे वाट पाहण्याची किंमत जीव आहे.

आता जी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण वेस्टेजच्या भीतीने कधीतरी मनात येईल. चार तास उलटलेत, बाटलीत तीन डोस आहेत, आणि धापा टाकत एक आई येते. वाटतं, पंधरा मिनिटांनी काय होतंय. किंवा संध्याकाळी बाटली आयएलआरमध्ये (लसीच्या फ्रिजमध्ये) ठेवू, उद्या सकाळी पहिल्या दोन बाळांना देऊ. २०१७ साली दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या मोहिमेत एका खेड्यात १५ मुलं गेली. लस चार दिवस थंडाव्याशिवाय ठेवलेली आणि मिसळायला एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरलेली. अशी वाईट लस टोचली की काही तासांत ताप, उलट्या, जुलाब, आणि बाळ बघता बघता जातं. त्यानंतर त्या पंचक्रोशीत दहा वर्षं कुणी लसीला हात लावू देत नाही. म्हणून चार तासांनंतर ती बाटली बाजूला काढा, दुसऱ्या बाटल्यांत मिसळणार नाही अशी ठेवा, रिकाम्यांबरोबर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) परत पाठवा. आणि त्या धापा टाकत आलेल्या आईसाठी? नवीन व्हायल फोडा. हो, एकीसाठीच. मी फोडलेली आहे, दुपारी दोन वाजता, आणि पुढच्या मीटिंगला ऐकून घेतलंय.

माझ्या मते खरं शरमेचं वेस्टेज वेगळंच असतं. न उघडलेल्या बाटलीचं. मागे ठेवून एक्स्पायर झालेली, उन्हात राहिलेली, गोठलेली. त्यात कुठल्याही बाळाचा काही फायदा झालेला नसतो. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्या हातून झालंय. सकाळी उशीर झाला म्हणून डीप फ्रीझरमधले आइसपॅक काढले आणि तसेच कॅरियरमध्ये भरले. बाहेर ठेवून, त्यांना घाम फुटेपर्यंत, हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत थांबायचं असतं, ते केलं नाही. वाडीवर पोचले तर डीपीटीच्या बाटल्या गोठलेल्या. गोठलेली डीपीटी विरघळल्यावर दिसायला लसच असते, कामाची नसते. सगळ्या बाद. त्या महिन्यात सत्राला आलेल्या अकरा बायकांना मी परत पाठवलं, आणि ते पाठवणं मला अजून टोचतं. पण गंमत बघा, त्या वर्षी मीटिंगमध्ये मला कुणी काही बोललं नाही. गोठलेल्या बाटल्या कागदावर कुठल्या रकान्यात गेल्या ते मलाच कळलं नाही. आता ई-विनमुळे (लससाठ्याच्या सरकारी ऑनलाइन नोंदीमुळे) साठ्याचा हिशेब फोनवर दिसतो, तरीही उघडी आणि न उघडलेली असे दोन वेगळे आकडे तुम्ही स्वतःच्या वहीत ठेवा.

कोविडच्या वेळेचंही थोडं सांगते, कारण ही वेस्टेजची धास्ती तेव्हापासून जरा जास्तच डोक्यात बसली आहे. लस कमी, रांग मोठी. वेस्टेज एक टक्क्याच्या आत ठेवा असं वरून आलं, आणि जून २०२१पासून तर ज्या राज्याचं वेस्टेज जास्त त्याच्या वाट्यावर परिणाम होईल असं ठरलं. केरळने त्याआधी मे महिन्यातच दाखवून दिलं होतं की त्यांना आलेल्या ७३,३८,८०६ डोसांतून ७४,२६,१६४ डोस दिले गेले. बाटलीत दहा डोसांपेक्षा थोडी जास्त लस भरलेली असते. तिथल्या नर्सनी हात इतका नीट ठेवला की अकरावा डोस निघाला. मनापासून कौतुक वाटलं. आमच्याकडेही दुपारी तीनला बाटलीत चार डोस उरले की जवळ राहणाऱ्यांची नावं-नंबर लिहून ठेवलेली वही काढायचो, फोन लावायचो, दहा मिनिटांत माणसं हजर. पण तेव्हा दाराबाहेर दोनशे माणसं उभी होती. तुमच्या वाडीत एमआरच्या रांगेत एक बाळ आहे. दोनशेंच्या रांगेतला एक टक्का एका बाळाच्या रांगेला लावता येत नाही, एवढंच मीटिंगमध्ये सांगायचं असतं. त्या फोनच्या वहीची सवय मात्र घ्या, ती एमआरलाही कामी येते.

मीटिंगला जाताना एक पान करून न्या. वाडीनिहाय यादीत किती बाळं होती, किती आली, किती व्हायल फुटल्या, आणि वर मी मांडलं तसं दोन ओळींचं गणित. शेवटचा रकाना, 'परत पाठवलेली बाळं', त्यात शून्य. आरडाओरडा करू नका, सरांना एवढंच विचारा, 'सर, यातलं कुठलं बाळ मी परत पाठवायला हवं होतं?' मी हे एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, पण पुढच्या महिन्यापासून माझा आकडा वाचला गेला नाही. पाच डोसच्या व्हायल डोंगरी उपकेंद्रांना आणि दहाच्या मोठ्या सत्रांना द्या, अशी लेखी मागणीही करा. कधी मिळतात, कधी नाही.

आणि आकडा खोटा करू नका. वेस्टेज लपवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे न आलेल्या बाळाचं नाव टोचलेल्यांत घालणं. फेकलेला डोस कागदावर एका बाळाच्या दंडात जातो, सगळे खूश. ते बाळ मात्र मग यादीतून कायमचं गेलं, त्याला पुन्हा कुणी शोधत नाही. दुसरं नुकसान तुमचंच. लस मागवताना बाळांच्या संख्येला वेस्टेजच्या हिशेबाने गुणतात. २५ टक्के धरले तर १.३३ ने, ५० धरले तर दोनने. तुमचे ६० टक्के, म्हणजे अडीचने गुणायला हवं. तुम्ही कागदावर २५ दाखवत राहिलात तर लसही तेवढीच येणार, आणि महिन्याच्या चौथ्या वाडीला तुमच्याकडे व्हायलच नसणार.

आता त्या माहेरी गेलेल्या बाईचं. आज आशाकडून तिचा नंबर घ्या. फोनवर आधी सांगा की मी तुम्हाला परत पाठवलं, ते माझं चुकलं. मग माहेरचं गाव विचारा, तिथलं उपकेंद्र कुठलं ते शोधा आणि तिथल्या सिस्टरना स्वतः फोन करा, बाईवर सोडू नका. लस कुठल्याही सरकारी केंद्रावर मिळते, फक्त कार्ड जवळ असलेलं बरं. ते सासरी राहिलं असेल तर आशाला त्याचा फोटो काढून पाठवायला सांगा. एमआर हुकली तरी पाच वर्षांपर्यंत देता येते, त्यामुळे उशीर झाला म्हणून तिथे कुणी नाही म्हणणार नाही. त्या सिस्टरही म्हणाल्या की 'आमच्याकडे या महिन्यात एमआरचं दुसरं कुणीच नाही हो', तर त्यांना माझं हे उत्तर वाचून दाखवा.